हद्दीचा दगड आणि वारकऱ्याचे गाठोडे

आषाढ लागला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून धर्मपुरीपाशी सातारा जिल्हा सोडते आणि सोलापूर जिल्ह्यात, म्हणजेच माळशिरस तालुक्यात, प्रवेश करते. तिकडे तुकाराम महाराजांची पालखी सराटीच्या मुक्कामानंतर नीरा ओलांडून पुणे जिल्ह्यातून अकलूजला येते. दोन्ही ठिकाणी स्वागताच्या कमानी उभ्या राहतात, अधिकारी पादुकांवर माथा टेकतात, एका जिल्ह्याचा बंदोबस्त मागे फिरतो आणि दुसऱ्या जिल्ह्याचा पुढे सरसावतो. याच वेळी ध्वनिक्षेपकावरून एक सूचना अखंड चालू असते. आपले दागिने सांभाळा, पैसे सांभाळा, अनोळखी माणसापासून सावध राहा.

ही सूचना चुकीची आहे असे कोणीच म्हणणार नाही. लक्षावधींच्या गर्दीत खिसेकापू शिरणार, हे उघड आहे. सदाशिवनगरला किंवा खुडूसला गोल रिंगण होते, अश्व दौडून जातो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी हजारो माणसे एकदम वाकतात, त्या क्षणी गळ्यातील मंगळसूत्राकडे कोणाचे लक्ष असणार? तेव्हा सावध राहा हे सांगणे आवश्यकच आहे. परंतु शासनाचे सांगणे तेवढ्यावरच संपत असेल, तर त्या सूचनेचा अर्थ बदलतो. ज्याला सांभाळता आले नाही त्याचाच तो दोष, असा तिचा अर्थ होतो. सांभाळूनही गेले तर पुढे काय करायचे, कोणाकडे जायचे, कोणता कागद मागायचा आणि कोणी तो नाकारला तर काय करायचे, याविषयी ध्वनिक्षेपक मुका असतो. वारकऱ्याच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

उद्या निघून जाणारा माणूस

माळशिरस हा सीमेवरचा तालुका आहे. त्याला पुणे जिल्ह्यातील इंदापूर लागून आहे, सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माण लागून आहेत. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला निघालेल्या कावडी याच मुलखातून जातात आणि शिंगणापूर स्वतः सातारा जिल्ह्यात मोडते. ऊस हंगामात तोडणी कामगारांचे तांडे इकडून तिकडे हलतात. आषाढात तर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर असे मुक्काम याच तालुक्यात पडतात, आणि तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला उतरते. एका अर्थाने हा तालुका म्हणजे महाराष्ट्राच्या पायी प्रवाशांचा हमरस्ता आहे.

जगातील कोणत्याही सरहद्दीवरील गावात पाहुण्याला नाडणे सोपे का असते? तो श्रीमंत असतो म्हणून नव्हे. तो उद्या तेथे नसणार म्हणून. त्याला गावात ओळख नाही, जामीन राहणारा नाही, वकील ठाऊक नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला पुढच्या मुक्कामी पोचायचे आहे. चोराचा सारा हिशेब या एका गोष्टीवर चालतो. दुर्दैव असे की भ्रष्ट किंवा आळशी पोलिसाचा हिशेबही याच गोष्टीवर चालतो. नातेपुत्याला रात्री चोरी झाली तर पहाटे दिंडी माळशिरसकडे निघणार. तक्रारदाराने चौकीत बसून राहावे, तर त्याची दिंडी सुटणार, सामानाचा ट्रक पुढे जाणार. तीन तास बसवून ठेवले की चौथ्या तासाला माणूस आपणहून उठून जातो. ‘विठ्ठलाने दिले, विठ्ठलाने नेले’ असे म्हणून तो चालू लागतो. लोक याला वारकऱ्याची क्षमाशीलता म्हणतात. वस्तुतः ती पुष्कळदा असहायता असते.

समजा, परभणीकडील एखादी वृद्ध शेतमजूर स्त्री आहे. तिने वर्षभराच्या मजुरीतून काही शिल्लक टाकली, दीड हजार रुपये कमरेच्या पिशवीत घातले, एक साधा मोबाइल बरोबर घेतला आणि ती चालत निघाली. तिची पिशवी कापली गेली. गोष्ट कुठे घडली हे तिला नेमके सांगता येत नाही, कारण चालणाऱ्या माणसाला गावाच्या शिवा दिसत नाहीत. बरडच्या अलीकडे की धर्मपुरीच्या पलीकडे, हे तिने कसे सांगावे? आणि चौकीतला पहिला प्रश्न तर हाच असतो, की बाई, घटना कुठल्या हद्दीत घडली?

चोरी नव्हे, ‘गहाळ’

या प्रश्नाचे उत्तर अनिश्चित असले की तक्रार रस्त्यावर येते. इकडचे तिकडे पाठवितात, तिकडचे इकडे. सीमेवरच्या लोकांना हा अनुभव नवा नाही. तो कोणत्याही एका ठाण्याचा दुर्गुण नसून व्यवस्थेची सवय आहे. एखाद्या ठाण्याची कामगिरी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून मोजली जाते, तोपर्यंत गुन्हा न नोंदणे हाच गुन्हे कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय राहणार.

दुसरी युक्ती याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक घातक आहे. तक्रारदाराला कागद दिला जातो, परंतु त्या कागदावर ‘चोरी’ हा शब्द नसतो. ‘गहाळ’ असतो. मोबाइल गहाळ झाला, पाकीट गहाळ झाले, ओळखपत्र गहाळ झाले. माणसाला वाटते, काम झाले. नवे सिमकार्ड मिळण्यापुरते ते झालेलेही असते. पण कायद्याच्या दृष्टीने तेथे चोर नाही, गुन्हा नाही, तपास नाही. वस्तू जणू आपल्या पायांनी निघून गेली. सोहळा निर्विघ्न पार पडला, असे सांगणारे अहवाल अशा कागदांवर उभे राहत असतील, तर ते निर्विघ्नपण कोणाच्या पदरचे आहे, हे विचारले पाहिजे.

कायदा काय सांगतो? सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबरी अहवाल नोंदविणे बंधनकारक आहे, तो पोलिसांच्या मर्जीचा विषय नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने आणखी एक पाऊल टाकले. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोर येणाऱ्या ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायचा. यालाच लोक ‘शून्य क्रमांकाची एफआयआर’ म्हणतात. प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार धाडता येते आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तेव्हा हद्दीचा दगड कायद्याने उखडला, असे म्हणता यावे.

परंतु तो सर्वांसाठी उखडलेला नाही, आणि ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीची वेगळी वर्गवारी झाली. पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याने ऐवज परत केल्यास त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा व्हावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना म्हणून ती स्वागतार्ह आहे. भाकरीच्या चोराला तुरुंगात डांबू नये, हे समाजवादी चळवळ फार पूर्वीपासून सांगत आली आहे. पण शिक्षेची सौम्यता आणि तपासाचा अभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नव्या कायद्याच्या अनुसूचीने ही चोरी अदखलपात्र ठरविली, म्हणजेच दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांनी तिचा तपास करू नये. आणि अदखलपात्र गुन्ह्याची खबर घेण्याची तरतूद १७४व्या कलमात आहे. तेथे ‘ठाण्याच्या हद्दीत घडलेला’ ही जुनी अट जशीच्या तशी उभी आहे.

याचा परिणाम काय? ज्याचा पन्नास हजारांचा मोबाइल गेला, त्याच्यासाठी हद्द उरली नाही. जिचे दीड हजार रुपये गेले, तिच्यासाठी ती आहेच. चोर अद्याप सापडलेलाही नसताना तो पहिल्यांदा दोषी ठरणार की दहाव्यांदा, हे कोण सांगणार? तरीही किमतीचा आकडा पुढे करून तक्रार बाजूला सारण्याची वाट खुली झाली आहे. धनिकाच्या पन्नास हजारांपेक्षा मजूर स्त्रीचे दीड हजार कितीतरी मोठे असतात. धनिकाचे एका दिवसाचे खर्चाचे पैसे जातात, तिची मात्र कित्येक दिवसांची मजुरी जाते. चोरीचे मोल रुपयांत मोजणारा कायदा श्रमात ते मोजीत नाही, आणि म्हणून गरिबाची चोरी ‘किरकोळ’ ठरते. विधिमंडळात आणि संसदेत बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनी ही अनुसूची बदलून घेण्याचा आग्रह धरला पाहिजे. शिक्षा सौम्य ठेवा, पण तपास नाकारू नका, एवढी साधी ही मागणी आहे.

जन्माने संशयित

आता याच चित्राची दुसरी बाजू. चोरीची नोंद टाळायची, पण बंदोबस्त तर दिसला पाहिजे. तो दाखविण्याचा एक जुना मार्ग म्हणजे यात्रेपूर्वी ठराविक वस्त्यांवर जाऊन ठराविक माणसे उचलणे. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी, भामटा ही नावे या यादीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी भाषेनेही या पापात वाटा उचलला आहे. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव, आणि आज शब्दकोशात त्याचा अर्थ लुच्चा, ठक असा आहे.

या यादीचा उगम प्रवाशाच्या सुरक्षिततेतच आहे, हे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम उघडली ती वाटसरूंच्या रक्षणासाठी. त्यासाठी १८३६ साली जो कायदा झाला त्याने विशिष्ट कृत्य सिद्ध न होताही केवळ ठगांच्या टोळीशी संबंध असणे हा जन्मठेपेचा गुन्हा ठरविला. टोळीवरून जमातीवर जाण्यास मग वेळ लागला नाही. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. आपल्याकडे धंदे जातीने चालतात, तेव्हा गुन्हाही जातीने चालत असला पाहिजे, असा हा तर्क. सोलापूर शहरात तारेच्या कुंपणात वसविलेली ‘सेटलमेंट’ हे त्या तर्काचे विटामातीतले रूप होते. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचे नाही, आणि गिरण्यांना लागेल तेव्हा स्वस्त मजूर म्हणून राबायचे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. हजेरीच्या त्या जाचाचा संताप तिच्या गाभ्याशी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि जुनी नजर नव्या कागदावर उतरली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पांढरपेशा वाचकाला त्यातून प्रथमच कळले की चोर म्हणून जन्माला घातलेल्या माणसाच्या कमाईवर पोलिसाचाही डोळा असतो. ज्याला मार खाऊनच गप्प राहायचे आहे, त्याच्याकडून वाटा घेणे सोपे जाते. चोरी आणि भ्रष्टाचार हे येथे दोन स्वतंत्र रोग नाहीत. एकाच्या अंगावर दुसरा पोसला जातो.

या ठिकाणी हद्दीचा दगड पुन्हा एकदा पुढे येतो. १९५१ च्या पोलीस अधिनियमाखाली माणसाला जिल्ह्याबाहेर तडीपार करता येते. सोलापुरातून काढलेला माणूस साताऱ्यात जातो, साताऱ्यातून काढलेला पुण्यात. तक्रारदार हद्दीवरून टोलवला जातो, संशयितही हद्दीवरून टोलवला जातो, आणि दोघेही रस्त्यावर राहतात. घर नाही, शेत नाही, रेशनकार्ड नाही, मुलाला शाळा नाही, अशा माणसाला दर दोन वर्षांनी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ढकलून गुन्हे कमी होतील, असे मानणाऱ्यांनी आपला हिशेब एकदा तपासून पाहावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातिभेदावर निर्णय दिला. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. निर्णय झाला. तो वस्तीच्या वेशीपर्यंत पोचविण्याचे काम न्यायालयाचे नाही, कार्यकर्त्यांचे आहे.

एखादा म्हणेल, गरिबाच्या कणवेपोटी खिसेकापूंची पाठराखण चालली आहे. तसे मुळीच नाही. वारकरी स्त्रीचे गाठोडे कापणारा कोणीही असो, त्याने गरिबाचेच घर फोडले आहे. त्याला पकडले पाहिजे, ऐवज परत मिळाला पाहिजे. पण त्यासाठी खरा चोर शोधावा लागतो. वस्तीतली दहा माणसे आणून बसविली की शोध थांबतो. निरपराध माणूस कोठडीत आणि चोर पुढच्या मुक्कामी, अशी ही व्यवस्था आहे. यात वारकऱ्याचाही फायदा नाही.

खाकीतला मजूर

पोलिसाविषयी लिहिताना आणखी एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. बंदोबस्तावरचा शिपाई हाही त्या रस्त्यावरचा एक प्रवासीच असतो. तो दूरच्या ठाण्यातून आणलेला असतो, पावसात उभा असतो, रात्री शाळेच्या ओसरीत पाठ टेकतो. ठरलेल्या तासांपेक्षा किती तास जास्त झाले याची मोजदाद नसते. आपली गाऱ्हाणी मांडायला त्याला संघटना नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतील पोलिसांनी आपल्या मागण्यांसाठी काम बंद केले, तेव्हा ते आंदोलन चिरडले गेले आणि संघटनेचीही वाट बंद झाली. ज्या शिपायाला स्वतःची तक्रार करता येत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याची तक्रार सहृदयतेने ऐकली जाण्याची अपेक्षा धरणे अवघड आहे. हे लाचखोरीचे समर्थन नव्हे. लाच ही शेवटी गरिबाच्याच खिशातून जाते. पण रोग कुठे आहे हे नीट ओळखले नाही तर राग शिपायावर निघतो आणि व्यवस्था तशीच राहते.

ही व्यवस्था बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आणीबाणीनंतर जनता सरकारने १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. धर्मवीर त्याचे अध्यक्ष होते. १९७९ ते १९८१ या काळात आलेले त्याचे अहवाल पुढे धूळ खात पडले. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे, हा त्यांतील एक. महाराष्ट्राने २०१४ साली अधिनियमात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. म्हणजे माळशिरसच्या माणसाने दाद मागायची ती पुणे विभागाकडे. जेथे चौकीत तीन तास बसणे परवडत नाही, तेथे पुण्याचा हेलपाटा कोण घालणार? प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण, ही मागणी म्हणूनच सोडता येणार नाही.

टाळ थांबत नाहीत तोवर

या साऱ्या अंधारात वारीने स्वतःच एक दिवा लावून ठेवला आहे, आणि तो रोज संध्याकाळी पालखीतळावर पाहायला मिळतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. वारकरी परंपरेत अशी कथा सांगतात की चाकरी सोडून द्रव्य घेऊन गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडले, कैदेत त्यांनी हरिपाठाचा आधार धरला, पुढे सुटका झाली आणि ते घरी न जाता आळंदीस राहिले. या कथेतही लुटारूंना एका आदिवासी जमातीचे नाव लावले जाते, हे नोंदवून ठेवावे. पण कथेतले दुसरे तथ्य अधिक मोलाचे आहे. लुटल्या गेलेल्या एका प्रवाशाने पुढे लाखो प्रवाशांना सोबत कशी करावी याची घडी बसविली.

ती घडी अशी. कोणी एकटा चालत नाही, प्रत्येकाची दिंडी असते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे तिची जागा ठरलेली असते. विणेकरी असतो, चोपदार असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि सर्वत्र शांतता पसरते. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी सर्वांसमक्ष वाचली जाते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ थांबवीत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदाराला तिच्यापर्यंत जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते, निवाडा द्यावा लागतो. तोपर्यंत आरती थांबते.

पोलीस ठाण्याशी याची तुलना करून पाहावी. येथे तक्रारदार उभा राहत नाही, निवाडा करणारा चालत येतो. तक्रार बंद खोलीत होत नाही, हजारो माणसांच्या साक्षीने होते. तक्रारदार एकटा नसतो, त्याच्यामागे दिंडी असते. आणि तक्रार ऐकल्याशिवाय सोहळा पुढे जात नाही. हे सारे दैवी नाही, ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे. जी गोष्ट उघड्या माळावर चोपाच्या बळावर होते, ती राज्यघटना आणि शासनयंत्रणा पाठीशी असताना का होऊ नये?

करावयाचे काम

माळशिरस, पंढरपूर, फलटण आणि इंदापूर या तालुक्यांतील कार्यकर्त्यांना याच धड्यावरून काम हाती घेता येईल. दरवर्षी वारीत पाणी, फराळ, औषधे यांची सेवा होते, आणि ती व्हावीच. त्यांच्या शेजारी तक्रार लिहून देणारे एक मेज असावे. धर्मपुरी, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज अशा ठिकाणी दोन कार्यकर्ते, एक वकील, काही कोरे कागद आणि कार्बन, एवढे साहित्य पुरे. तक्रार मराठीत, साध्या शब्दांत लिहावी. काय गेले, केव्हा लक्षात आले, शेवटचे कोठे पाहिले होते, सोबत कोण होते. ‘गहाळ’ लिहू नये, चोरी असेल तर चोरीच लिहावी. पोच घ्यावी. तक्रारदाराची दिंडी पुढे गेली तरी कार्यकर्ता मागे राहील, हा विश्वास त्याला मिळाला पाहिजे. पुढे ऐवज सापडला तर न्यायालयाच्या आदेशाने तो परत मिळविण्यासाठी गावच्या माणसाला कोणी कळवायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

दिंडी प्रमुखांशी वारीपूर्वी बोलावे. एकाने साऱ्यांची रोकड अंगावर बाळगण्याऐवजी ती वाटून ठेवावी किंवा दिंडीच्या हिशेबात जमा करावी. दागिने घरी ठेवावेत. प्रत्येक मोबाइलचा आयएमईआय क्रमांक दिंडीच्या वहीत टिपून ठेवावा. २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या केंद्राच्या व्यवस्थेत चोरीचा मोबाइल या क्रमांकावरून बंद करता येतो, पण क्रमांकच ठाऊक नसेल तर काय करणार? संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. तक्रार घेण्यासाठी कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी धरला जातो. परंतु ज्याला ती देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत कळविले तर त्याला संरक्षण आहे. ही मुदत वारीच्या वाटेतच संपून जाते, हे ध्यानात ठेवावे.

आणि त्याच कार्यकर्त्यांनी आषाढीपूर्वी विमुक्तांच्या वस्त्यांवरही जावे. कोणाला उचलले असेल तर कोठे नेले, अटकेचे कारण सांगितले की नाही, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले की नाही, हे विचारावे. घटनेच्या २२व्या अनुच्छेदाने दिलेला हा हक्क वारीच्या दिवसांत रजेवर जात नाही. ज्या मेजावर वारकऱ्याची तक्रार लिहिली जाते, त्याच मेजावर पारधी वस्तीतील आईचीही तक्रार लिहिली गेली पाहिजे. दोघींपैकी एकीचीच लिहिणारी चळवळ अर्धी चळवळ होय.

एकेकट्या तक्रारींचे बळ किती, असे वाटण्याचे कारण नाही. पंढरपुरात भाविकांची बडव्या-उत्पातांकडून होणारी पिळवणूक हा शतकानुशतकांचा ‘रिवाज’ मानला जात होता. तक्रारी साचत गेल्या, नाडकर्णी आयोग बसला, १९७३ साली कायदा झाला आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याआधी १९४७ साली साने गुरुजींनी त्याच पंढरपुरात उपोषण करून मंदिराची दारे अस्पृश्यांना खुली करविली होती. रिवाज मोडता येतात. त्यासाठी कोणाला तरी आधी तक्रार लिहावी लागते आणि कोणाला तरी ती घेऊन उभे राहावे लागते.

पालखी महामार्ग आता रुंद झाला आहे. रस्ता चौपदरी झाल्याने चालणाऱ्या माणसाचा प्रवास सुरक्षित होतोच असे नाही. धर्मपुरीच्या कमानीखालून जाणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीला तालुका, जिल्हा आणि ठाणे यांच्या हद्दी कळत नाहीत, आणि कळण्याची गरजही नाही. ज्यांना त्या कळतात त्यांनी तिच्या शेजारी उभे राहावे आणि तिचे गाऱ्हाणे ऐकले जाईपर्यंत आपले टाळ थांबवू नयेत.